शर्यतींतील रक्षासाधनें आणि त्यांची मुदत

मोटारींच्या शर्यतींविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं, ऐकणाराच्या मनांत प्रथम वेग उभा राहतो. परंतु आज मी आपणांपुढें वेगाची कथा सांगणार नाहीं. शर्यत सुरू होण्यापूर्वीं, यंत्रें अजून थंड असतांना, मैदानाच्या एका बाजूस जें एक मुकें आणि कंटाळवाणें काम चालतें, त्याचा इतिहास मला सांगावयाचा आहे. तेथें तपासनीस टेबलाशीं बसलेला असतो. शर्यतींत उतरणारा प्रत्येक जण आपलें शिरस्त्राण, पोषाख, हातमोजे आणि मानेचें बंधन त्याच्यापुढें आणून ठेवतो. तपासनीस शिरस्त्राणाचें अस्तर बाजूस सारून आंतली चिठ्ठी वाचतो, गाडींतील पट्ट्यावरचा महिना व साल पाहतो, पोषाखाची शिवण बोटांनीं चाचपतो. मुदत संपलेली असली तर वस्तु कितीहि नवी दिसो, ती तो बाजूला ठेवतो.

वस्तु डोळ्यांना धडधाकट दिसत असतां ती निकामी झाली, असें ठरवावयाचें कोणीं आणि कशावरून? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचें आजचें उत्तर हातीं येण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं आणि त्यासाठीं अनेकांस प्राण द्यावे लागले. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या शास्त्राचा सारा इतिहास त्या म्हणींत सांठवला आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, शर्यतींतील तपासणी ही मुळांत जीव वांचविण्यासाठीं जन्मास आलीच नाहीं. ती जन्मली न्यायासाठीं. १९०२ सालीं मोठ्या मोटारींना १००० किलोंची कमाल वजनमर्यादा घालण्यांत आली, तेव्हां तपासनिसाचें मुख्य शस्त्र तराजू हेंच होतें. एकानें दुसऱ्यास फसवूं नये एवढाच त्याचा हेतु. गाडींत बसणारा मनुष्य डोक्यास कापडी टोपी आणि डोळ्यांस चष्मा लावून निघे. वजनावर बंधन आल्यामुळें कारखानदारांनीं सांगाडा हलका केला. यंत्राची शक्ति मात्र वाढतच गेली. १९०३ च्या मे महिन्यांत निघालेली पॅरिस-माद्रिद शर्यत बोर्डो येथेंच थांबवावी लागली. वाटेंत शर्यतकरी मेले, पाहणारेहि मेले. मृतांत मार्सेल रनो हा नामांकित कारखानदार होता. तराजूनें न्याय झाला होता. परंतु प्राण वांचविणें हें तराजूचें काम नव्हतें.

डोक्याचा विचार प्रथम केला तो एका डॉक्टरानें. इंग्लंडांत ब्रुकलंड्स नांवाचें शर्यतीचें मैदान होतें. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांच्यापुढें डोकें फुटलेले मोटारसायकलस्वार वारंवार येत. त्यांनीं जाड किंतान व लाख यांचें एक कठीण शिरस्त्राण करवून घेतलें, आणि १९१४ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत तें सक्तीचें झालें. स्वारांना ही सक्ति रुचली नाहीं. वीरास टोपी कशाला, ही भावना त्या काळीं बलवत्तर होती. ती आजहि अगदींच मेली आहे असें म्हणवत नाहीं.

त्या शिरस्त्राणाचा उपयोग आंकड्यांनीं दाखवून देण्याचें श्रेय मात्र दुसऱ्या एका वैद्याकडे जातें. १९३५ सालीं ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातांत सांपडले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारले. त्यांच्या उशाशीं आलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदू-शल्यविशारद होते. हा मृत्यु त्यांच्या मनांत घर करून राहिला. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनीं सैन्यांतील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या जखमांचा बारकाईनें अभ्यास केला आणि १९४१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें २२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या पाठीमागें बसणारे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावले होते. शिरस्त्राण घातलेले जे थोडे जखमी त्यांना तपासावयास मिळाले, ते सर्व वांचले होते. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. एवढें होऊनहि मोटारींच्या ग्रां प्री शर्यतींत तें सक्तीचें होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. डॉ. गार्डनर यांच्या किंतानी टोपीपासून मोजलें तर अडतीस वर्षें झालीं.

सक्ति झाली म्हणजे प्रश्न सुटला असें नाहीं. उलट खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. शिरस्त्राण घातलें खरें. पण तें चांगलें कशावरून? १९५६ सालीं अमेरिकेंत विल्यम स्नेल हा शर्यतकरी गाडी उलटून मेला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें, तरीहि डोक्याच्या दुखापतीनेंच तो गेला. त्याच्या मित्रमंडळींनीं १९५७ सालीं त्याच्या नांवानें एक स्मारक-संस्था स्थापन केली. तिचे अध्वर्यु डॉ. जॉर्ज स्नायव्हली हे स्वतः वैद्य व शर्यतींचे शोकी होते. बाजारांत मिळणारीं शिरस्त्राणें आणून, त्यांवर ठराविक आघात करून, कोणतें किती मार सोसतें हें ते पाहूं लागले. जाहिरातींत आणि प्रयोगशाळेंत केवढें अंतर असतें, हें तेव्हां उघड झालें.

येथें शिरस्त्राणाची रचना थोडी समजून घेऊं. बाहेरचें कवच कठीण असतें. त्याचें काम आघात एका बिंदूवर न राहूं देतां विस्तृत भागावर पसरविणें. परंतु खरा उपकार करतें तें आंतलें फेसासारखें हलकें अस्तर. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लोम्बार्ड यांना अशा आघातशोषक अस्तराच्या शिरस्त्राणासाठीं १९५३ सालीं पेटंट मिळालें. आघात होतांच हें अस्तर चेंगरतें, आणि चेंगरतांना आघाताची शक्ति स्वतः खाऊन टाकतें. डोकें थांबण्यास कांहीं सहस्रांश सेकंद अधिक मिळतात. तेवढ्यांतच जीवन आणि मरण यांचें अंतर असतें. परंतु एकदां चेंगरलेलें अस्तर पुन्हां फुगत नाहीं. वरचें कवच चकचकीत राहील, आंतलें अस्तर मात्र कायमचें खर्ची पडलेलें असेल.

यांतून एक चमत्कारिक अडचण उद्भवते. आपण सोनें कसोटीवर घासतों. सोन्याचा कण जातो, सोनें राहतें. शिरस्त्राणाची कसोटी तशी घेतां येत नाहीं, कारण परीक्षा घेतली कीं परीक्षार्थीच संपतो. म्हणून प्रयोगशाळा त्याच घडणीचीं दुसरीं शिरस्त्राणें फोडून पाहते, आणि त्यांच्या मरणावरून जिवंत भावंडांस प्रमाणपत्र देते. कारखानदारानें निवडून पाठविलेलीं भावंडें तेवढीं गुणी निघूं नयेत, म्हणून स्नेल संस्था बाजारांतूनहि नमुने मिळवून त्यांची परीक्षा घेते. चाळीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसास ही पद्धत फार परिचित वाटते. पाहुण्यांपुढें उभा केलेला हुशार मुलगा म्हणजे सारा वर्ग नव्हे, हें चांगल्या डेपोटीस पक्कें ठाऊक असे; तो नेमका मागच्या बांकावरील मुलास उठवी.

शिरस्त्राणाची फेरतपासणी करून त्याचें आयुष्य वाढवितां येत नाहीं, तें याच कारणानें. तें बदलावेंच लागतें. घाम, डोक्याचें तेल, ऊन, रंगांतील द्रावकें यांनीं त्याचा कस कमी होतो, म्हणून पांच वर्षांनीं नवें घ्यावें असा स्नेल संस्थेचा सल्ला आहे. तिचे नियमहि साधारण दर पांच वर्षांनीं नवे होतात. मोटारींच्या शर्यतीसाठीं दिलेल्या शिक्क्यांत २०१५ आणि २०२० हीं सालें दिसतात, तीं नियमांचीं; वस्तु तयार झाल्याचीं नव्हेत. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांची फसगत होते.

आतां अग्नीकडे वळूं. १९६४ सालचा मे महिना अमेरिकन शर्यतींना काळ होऊन आला. २४ तारखेस शार्लट येथें फायरबॉल रॉबर्ट्स या लोकप्रिय शर्यतकऱ्याची गाडी पेटली. भाजलेल्या अवस्थेंत चाळीसएक दिवस झुंजून २ जुलै रोजीं तो वारला. शार्लटच्या अपघातानंतर सहाव्याच दिवशीं इंडियानापोलिस येथें एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनल्ड हे दोघे दुसऱ्याच फेरींत आगींत सांपडून गेले. त्या काळीं सुती कपडे टांकणखारासारख्या क्षारांच्या पाण्यांत बुडवून वाळवीत आणि तेंच चिलखत समजत. तें पाणी कपडा धुतला कीं धुवून जाई, शिवाय अंगास खाजे. पुढें ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत शोधलेला नोमेक्स हा धागा १९६७ च्या सुमारास बाजारांत आला. हा धागा स्वभावतःच ज्योत धरीत नाहीं. आगींत तो काळवंडून फुगतो आणि अंगाभोंवतीं पडदा धरतो. त्याचा गुण वरून चोपडलेला नसल्यामुळें धुण्यानें जात नाहीं. माणसाच्या शीलाविषयीं आपण जें म्हणतों तेंच येथें कापडास लागू पडतें.

तरीहि असा पोषाख म्हणजे अग्नींतून चालण्याचा परवाना नव्हे. तो वेळ विकत देतो, तीहि सेकंदांनीं मोजून. अमेरिकेंतील एस्. एफ्. आय्. ही संस्था १९७८ पासून अशा साधनांचे नियम ठरवीत आली आहे. तिच्या परीक्षेंत पोषाखाच्या कापडाखालीं उष्णतामापक ठेवून वरून ज्वाला सोडतात, आणि कातडीवर फोड येण्याइतकी उष्णता पोंचण्यास किती सेकंद लागतात हें मोजतात. सर्वांत खालच्या दर्जाचा एकपदरी पोषाख सुमारे ३ सेकंद देतो. पांचव्या दर्जाचा सुमारे १० सेकंद देतो. सर्वांत वरचा विसावा दर्जा ४० सेकंद देतो. खालच्या व वरच्या दर्जांमध्यें सदतीस सेकंदांचें अंतर आहे. घरांत बसून हें अंतर थोडें वाटतें. पेटत्या गाडींत अडकलेल्यास तें एका जन्माएवढें असतें. आणि हा हिशेब तेलाच्या डागांनीं, उसवलेल्या शिवणीनें, पदरांतून आरपार शिवलेल्या जाहिरातीच्या ठिगळानें बिघडतो. तपासनीस बोटांनीं शिवण चाचपतो ती त्यासाठीं.

परंतु फेरतपासणीचा खरा वाद पेटला तो पट्ट्यांवरून. अपघातांत गाडीबरोबर चेंगरण्यापेक्षां बाहेर फेंकलें गेलेलें बरें, अशी जुन्या शर्यतकऱ्यांची समजूत होती. ती सुटतां सुटतां कित्येक जण गेले. १९७० च्या सप्टेंबरांत मोन्झा येथें योखेन रिंट याची गाडी कठड्यावर आदळली. त्यानें पट्टे बांधावयास नुकताच आरंभ केला होता, पण दोन पायांमधून जाणारा पट्टा त्यास नको असे. आघातासरशीं त्याचें शरीर खालीं घसरलें आणि रक्षणासाठीं बांधलेला पट्टाच त्याच्या गळ्याशीं घातक ठरला. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. असें दुसरें उदाहरण त्या शर्यतींच्या इतिहासांत नाहीं. १९७२ पासून तेथें सहा टोंकांचा पट्टा सक्तीचा झाला. अपुरें साधन हें कधीं कधीं साधनाच्या अभावाइतकेंच वाईट असतें, हा त्यांतील धडा.

पट्ट्याचें आयुष्य मात्र शिरस्त्राणाहून वेगळ्या रीतीनें संपतें. तो धाग्यांनीं विणलेला असतो. सूर्याचे किरण, तेल, धूळ आणि घर्षण यांनीं ते धागे आंतून दुबळे होतात. शिवाय मोठ्या आघातांत पट्टा थोडा ताणला जातो, आणि ताणला जाणें हाच त्याचा उपकार असतो. एकदां ताणलेला पट्टा दुसऱ्या वेळीं तितका ताणला जात नाहीं. म्हणून एस्. एफ्. आय्. नें पट्ट्यांस तयार झाल्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत घातली. त्यानंतर पट्टा कारखानदाराकडे परत पाठवावा. तो धातूचीं कड्याकुलुपें तपासून, जुनें विणकाम काढून नवें घालतो आणि नव्या तारखेची चिठ्ठी शिवतो. युरोपांत ज्यांचे नियम चालतात त्या एफ्. आय्. ए. नें मात्र आपल्या पट्ट्यांस पांच वर्षें दिलीं. आतां एकाच पट्ट्यावर दोन्ही संस्थांच्या चिठ्ठ्या असल्या तर तो पट्टा एका चिठ्ठीप्रमाणें मेलेला आणि दुसरीप्रमाणें जिवंत ठरतो!

येथेंच सामान्य शर्यतकऱ्याचा रोष उसळतो. तो म्हणतो, माझा पट्टा वर्षाचे अकरा महिने अंधाऱ्या कपाटांत असतो; तो दोन वर्षांत कसा मरतो? ज्याच्या कारखान्यांतून नवा पट्टा येणार, त्याच्याच फायद्याची ही मुदत नव्हे काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. नियम करणाऱ्या मंडळींत कारखानदारांचा वांटा असतो, हें खरें. आणि कपाटांतला पट्टा उन्हांतल्या पट्ट्याइतका झिजत नाहीं, हेंहि खरें. परंतु त्यावरचें उत्तरहि तितकेंच खरें आहे. तपासनिसास पट्ट्याचा पूर्वेतिहास दिसत नाहीं. तो कपाटांत होता कीं उन्हांत, गेल्या वर्षीं त्यानें आघात सोसला कीं नाहीं, हें मालकाच्या सांगण्यावरूनच कळावयाचें. आणि ज्यास शर्यतींत उतरावयाचें आहे त्याच्या सांगण्यावर भरंवसा ठेवणें म्हणजे विद्यार्थ्यासच त्याची उत्तरपत्रिका तपासावयास देणें होय. तारीख ही ओबडधोबड मोजपट्टी आहे; पण ती गरीब-श्रीमंत, ओळखीचा-अनोळखी असा भेद करीत नाहीं.

या वादास २००१ सालीं रक्ताची किनार लागली. १८ फेब्रुवारी रोजीं डेटोना येथें, शेवटच्या फेरींत, डेल अर्नहार्ट हा अमेरिकेचा लाडका शर्यतकरी भिंतीवर आदळून मेला. त्याच्या डाव्या कमरपट्ट्याचे दोन तुकडे झालेले आढळले. देशभर गदारोळ उठला. ऑगस्टमध्यें नॅसकार या संघटनेनें विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. पट्टा आपल्या कडींत एका बाजूस सरकून गोळा झाला आणि कडेपासून फाटत गेला, असा त्यांत निष्कर्ष होता. पट्टा बनविणारे बिल सिम्प्सन यांचें म्हणणें असें कीं, पट्टा उत्तम होता. तो बसविण्याची रीत आमच्या सूचनेप्रमाणें नव्हती. दुसरीकडे, डोकें जोरानें पुढें झेपावल्यामुळेंच कवटीचा तळ मोडला, असें मत एका तज्ज्ञ डॉक्टरानें दिलें होतें. दोष कोणाचा हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. चिठ्ठीवरची तारीख पट्ट्याचें वय सांगते. तो कोणत्या कोनांत, कोठें बांधला आहे, हें ती सांगत नाहीं. तें पाहण्यास माणसाचे डोळे लागतात.

कवटीच्या तळाचा हा रोग तोंवर अनोळखी राहिला नव्हता. मिशिगनमधील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे शर्यतकरी मेहुणे जिम डाउनिंग यांनीं १९८० नंतरच्या दशकांतच त्यावर उपाय शोधला होता. खांद्यांवर बसणारी एक जोखडासारखी कमान, आणि तिच्यापासून शिरस्त्राणापर्यंत दोन दोर. आघातांत धड पट्ट्यानें थांबतें, तेव्हां डोकेंहि त्याबरोबर थांबावें ही कल्पना. ‘हॅन्स’ नांवाचें हें साधन कित्येक वर्षें कोणी फारसें घेतलें नाहीं. अवजड वाटतें, मान वळत नाहीं, अशीं कारणें निघत. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनीं नॅसकारनें अशीं मानेचीं बंधनें सक्तीचीं केलीं; फॉर्म्युला वन शर्यतींत तीं २००३ पासून आलीं. औषध कपाटांत होतें. रोगी मात्र मरत राहिले. एस्. एफ्. आय्. च्या नियमाप्रमाणें या साधनाचीहि दर पांच वर्षांनीं फेरतपासणी होते, आणि दोर झिजलेले असल्यास बदलतात.

मग या साऱ्या चिठ्ठ्या, तारखा आणि शिक्के यांचें फलित काय? २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीन येथें रोमां ग्रोजां याची गाडी ताशीं १९२ किलोमीटर वेगानें लोखंडी कठड्यांत घुसली, दुभंगली आणि पेटली. आघात गुरुत्वाकर्षणाच्या सदुसष्टपट होता. सुमारे २८ सेकंद तो ज्वालांत होता. त्याचा पाय अडकला, तो बुटांतून पाय ओढून बाहेर आला आणि वैद्यकीय गाडींतून धांवत आलेल्या डॉ. इयन रॉबर्ट्स यांनीं त्यास हात दिला. त्या एका मनुष्याच्या अंगावर या साऱ्या इतिहासाची बेरीज होती. डोक्यावरील कवचांत गार्डनर, केर्न्स आणि स्नेल होते. मानेवर हबर्ड होते. पट्ट्यांत रिंट होता. पोषाखांत रॉबर्ट्स, सॅक्स आणि मॅक्डोनल्ड होते. भाजले ते मुख्यतः त्याचे हात. त्यानंतर हातमोज्यांच्या सुधारणेकडे संशोधकांचें लक्ष वळलें. साखळीची जी कडी दुबळी, ती आगीनें दाखवून दिली.

आपल्या देशांतहि ही परंपरा आतां रुजली आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या परिसरांत आणि कोइमतूर येथें शर्यतीचीं मैदानें आहेत; दिल्लीजवळच्या बुद्ध मैदानावर २०११ ते २०१३ या तीन वर्षीं फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांचा संबंध शर्यतीच्या मैदानाशीं नसून दारांतल्या स्कूटरशीं आहे. तिच्या आरशास अडकवलेलें हेल्मेट उन्हांत किती वर्षें लोंबकळत आहे, तें जिन्यावरून किती वेळां पडलें, मोठ्या मुलानें वापरून तें धाकट्यास कधीं दिलें, हें कोणी विचारीत नाहीं. सरकारी आज्ञेप्रमाणें १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर भारतीय मानक ४१५१ चा शिक्का असल्याखेरीज तें विकतां येत नाहीं. तो शिक्का दुकानापर्यंत आपलें रक्षण करतो. त्यापुढें घरांत तपासनीस नसतो. तें काम आपल्यालाच करावें लागतें.

तेव्हां श्रोतेहो, हें भाषण संपल्यावर खुंटीवरचें हेल्मेट एकदां खालीं काढावें. अस्तर दाबून पाहावें, पट्ट्याची शिवण पाहावी, आंतली चिठ्ठी वाचावी. एखादा मोठा आघात त्यानें सोसला असेल तर त्याचे आभार मानून तें टाकून द्यावें. पैशाकडे पाहून दुसऱ्या डोक्यावर चढवूं नये. वस्तूनें आपलें काम एकदां केलें, आतां तिच्याकडून तेंच पुन्हां मागूं नये.